दडलेल्या कृष्णविवरांच्या मागावर : खोडदच्या जुन्या डेटावरची नोंदवही

३ डिसेंबर २०२४

एमएस्सीचा प्रकल्प ठरला. आपल्या आकाशगंगेत गपगुमान बसलेली कृष्णविवरं रेडिओ डेटात हाती लागतात का, ते पाहायचं. मी आधी नवं निरीक्षण मागायचं म्हणत होते. माझ्या मार्गदर्शक मॅडमनी एवढंच विचारलं, "जुन्यात काय पडलंय ते पाहिलंस का?" पाहिलं नव्हतं.

जीएमआरटीवर (नारायणगावजवळ खोडदला असलेली तीस तबकड्यांची रेडिओ दुर्बीण) घेतलेला डेटा अठरा महिने ज्याचा त्याच्याकडे राहतो, मग सगळ्यांना खुला होतो. त्यातलं गरुड तारकासमूहातलं, आकाशगंगेच्या पट्ट्यात येणारं एक क्षेत्र उचललं. वारंवारतेच्या दोन पट्ट्यांत निरीक्षण आहे: बँड ४ (५५० ते ८५० मेगाहर्ट्झ) आणि बँड ५ (१०५० ते १४५०). ज्यांनी घेतलं त्यांना चित्राच्या मधोमध असलेला एक स्रोत हवा होता. मला कडेकडेचे हवेत, ज्यांच्याकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नसेल.

हिशेब असा आहे. मोठे तारे मरून झालेली कृष्णविवरं आपल्या आकाशगंगेत दहा कोटींच्या घरात असावीत. जोडीदाराच्या हालचालीवरून ज्यांचं वस्तुमान पक्कं मोजलंय अशी जेमतेम दोन डझन. बाकीची आहेत कुठे, हा प्रश्न मी सोडवणार नाहीये. मी आकाशाचा एक चतकोर तुकडा चाळणार आहे.

७ डिसेंबर

वाचनाचा दिवस. रेडिओच का, याचं उत्तर मलाच नीट देता येत नव्हतं. हंस एक्स-१ची गोष्ट वाचली आणि देता यायला लागलं.

१९६४ मध्ये रॉकेटवरच्या उपकरणाला हंस तारकासमूहात क्ष-किरणांचा जोरदार स्रोत सापडला. पण तेव्हाच्या क्ष-किरण उपकरणांना नेमकी जागा सांगता येत नव्हती. 'साधारण त्या अंगाला' एवढंच. त्या अंगाला तारे ढीगभर. १९७१ मध्ये नेदरलँड्समधल्या वेस्टरबोर्क आणि अमेरिकेतल्या ग्रीन बँक इथल्या रेडिओ दुर्बिणींना त्याच भागात एक नवा रेडिओ ठिपका दिसला आणि त्याची जागा इतकी नेमकी निघाली, की थेट एका निळ्या ताऱ्यावर बोट ठेवता आलं. मग १९७२ मध्ये तो तारा कुठल्या तरी न दिसणाऱ्या जड वस्तूभोवती फिरतोय हे कळलं. म्हणजे पहिल्या कृष्णविवराचा पत्ता रेडिओनंच लावला. २०२१ मध्ये रेडिओनंच त्याचं अंतर सुधारून दिलं आणि वस्तुमान २१ सूर्यांवर गेलं.

दुसरं कारण जास्त कामाचं आहे. कृष्णविवर भरपेट खात असतं तेव्हा क्ष-किरणांत झळाळतं, उपाशी असतं तेव्हा क्ष-किरण पार मंदावतात. त्याच्या दोन्ही बाजूंनी निघणाऱ्या झोतांचा रेडिओ प्रकाशही मंदावतो, पण सावकाश. क्ष-किरण दहा हजार पटींनी घसरले, तर रेडिओ दोन-अडीचशे पटींनी. शिवाय आकाशगंगेच्या पट्ट्यातली धूळ दृश्य प्रकाश खाऊन टाकते, रेडिओला ती आडवी येत नाही. उपाशी आणि धुळीमागचं कृष्णविवर शोधायचं तर रेडिओ बरा.

१२ डिसेंबर

आज ज्या पेपरमुळे हा विषय निघाला तो परत वाचला. महाश्व तारकासमूहात मेसियर १५ हा ताऱ्यांचा गोलाकार गुच्छ आहे, ३३ हजार प्रकाशवर्षांवर. त्याच्या रेडिओ चित्रांत एक ठिपका वर्षानुवर्षं दिसत होता. गुच्छावर दिसतो म्हणजे गुच्छातला किंवा पार पलीकडच्या कुठल्या तरी दीर्घिकेचा, असं धरून चाललं होतं. मग खंडभर पसरलेल्या दुर्बिणी जोडून त्याची जागा पुन्हा पुन्हा मोजली, तर तो वर्षभरात हलत होता, आणि इतका हलत होता की तो ७,२०० प्रकाशवर्षांवर असला पाहिजे. गुच्छाच्या कितीतरी अलीकडे! चंद्रा दुर्बिणीला तिथे क्ष-किरण दिसले नाहीत. जोडीदार तारा सूर्याच्या पाचव्या-दहाव्या हिश्शाएवढा. २०१६ मध्ये निष्कर्ष आला: बहुधा उपाशी कृष्णविवर.

मला यातलं आवडलं ते हे, की ते कुणी शोधायला गेलं नव्हतं. वाटेत भेटलं. आणि एवढ्याशा तुकड्यात वाटेत भेटलं म्हणजे अशी बरीच असली पाहिजेत, म्हणून त्यांनी अंदाज बांधला: आकाशगंगेत २६ हजार ते १७ कोटी. अंदाजाचा हा पसारा पाहून हसू आलं. आमच्याकडे टोमॅटोच्या भावाचाही एवढा नसतो.

१९ डिसेंबर

डेटा उतरवला. रात्रभर चालू ठेवलं, पहाटे वीज गेली, अर्धी फाइल. परत. आता २ टीबीची डिस्क विभागातून सहीवर घेतली आहे. जीएमआरटीच्या मूळ फाइल्सवरून फिट्स या फाइलप्रकारात रूपांतर झालं, कासा या सॉफ्टवेअरमध्ये उघडलं. आज एवढंच.

२७ डिसेंबर

आठ दिवस फ्लॅगिंग, म्हणजे गोंगाटानं बिघडलेला डेटा खुणा करून कापणं. हा शब्द प्रकल्पाच्या कुठल्याही सारांशात येणार नाही आणि प्रकल्पाचा निम्मा वेळ त्यातच जाणार आहे.

तीस तबकड्या, म्हणजे ४३५ जोड्या. प्रत्येक जोडीचं दर काही सेकंदांचं, दोन हजारांवर चॅनेलमधलं माप. त्यात माणसांचा गोंगाट: मोबाईल, विमानांची अंतर मोजणारी यंत्रणा, जीपीएससारखे उपग्रह, विजेच्या तारांवरची चरचर. बँड ५ मध्ये उपग्रहांचे खांब ठरलेल्या जागी उभे असतात, ते बिनदिक्कत कापायचे. त्रास बारीक गोंगाटाचा. एका तबकडीच्या सगळ्या जोड्या निरीक्षणाच्या दुसऱ्या तासात भरकटल्या आहेत. काय झालं होतं कोण जाणे. ती तेवढ्यापुरती काढून टाकली. शेवटी बँड ५ चा तिसरा हिस्सा कचऱ्यात गेला. उरलेल्याचा मध्य १,२६० मेगाहर्ट्झवर येतो, बँड ४ चा ६५० वर.

आमच्या गटातला पीएचडीवाला दादा म्हणतो, कापताना हात आखडू नकोस, पण जे कापशील ते लिहून ठेव. म्हणून ही वही.

४ जानेवारी २०२५

पहिलं चित्र. भयंकर. पट्ट्यातल्या वायूच्या ढगांनी चित्रभर लाटा उठवल्या आहेत, आणि एका ठळक स्रोताभोवती तबकड्यांच्या मांडणीचे तीन पंख स्पष्ट उमटलेत. इंग्रजी वाय आकाराची मांडणी पुस्तकात वाचली होती, आज ती माझ्या चुकीच्या चित्रात दिसली.

११ जानेवारी

सुधारलं. दोन गोष्टी केल्या. जवळजवळच्या तबकड्यांच्या जोड्या सोडून दिल्या. त्यांना मोठ्या पसरट गोष्टी दिसतात आणि मला ढग नकोत, ठिपके हवेत. मधल्या चौकातल्या चौदा तबकड्या एकमेकींच्या किलोमीटरभरात आहेत, त्यांच्या आपापसांतल्या जोड्या बहुतेक गळाल्या. लांबच्या, २५ किलोमीटरपर्यंतच्या, राहिल्या. मग सेल्फकॅलच्या, म्हणजे चित्राच्याच आधारे मापं दुरुस्त करण्याच्या, चार फेऱ्या.

बँड ५ मध्ये चित्राच्या मधला नॉइज २५ मायक्रोजान्स्की (जान्स्की हे रेडिओ तेजाचं एकक), बँड ४ मध्ये ४०. खालच्या वारंवारतेला आकाशगंगेचा पट्टा स्वतःच तापलेला असतो, त्यामुळे तिथे याहून खाली जाणं अवघड. दोन विकलांपर्यंतचं (एक विकला म्हणजे अंशाचा ३,६०० वा भाग) बारीक दिसतंय. मॅडम "बरं आहे" म्हणाल्या. त्यांच्या तोंडी बरं म्हणजे चांगलं.

१४ जानेवारी

संक्रांतीला घरी, नारायणगावजवळ. आमच्या मळ्याच्या बांधावरून दुर्बिणीची एक तबकडी दिसते. लहानपणी वारा सुटला की ती आभाळाकडे तोंड करून थांबायची आणि आप्पा म्हणायचे, "दुर्बीण झोपली, आता द्राक्षांचं काही खरं नाही." त्यांचा तो हवामानखात्याचा अंदाज होता. वारा वाढला की तबकड्या तशा उभ्या पार्क करतात, हे मला कॉलेजात गेल्यावर कळलं.

आप्पांनी विचारलं, "तू तेच करते का, खोडदचं?" म्हटलं, खोडदचा जुना माल निवडतेय. "माल निवडणं" त्यांना लगेच कळलं.

२२ जानेवारी

यादी तयार! दोन्ही बँडांत दिसणारे ५३ स्रोत. आता प्रत्येकाचा उतार.

उतार म्हणजे: खालच्या वारंवारतेकडून वरच्या वारंवारतेकडे जाताना स्रोत किती मंदावतो. दूरच्या दीर्घिकांचा साधारण उणे ०.७. पल्सर (गरगर फिरणारे मेलेले तारे) त्याहून कडक, उणे दीडच्या आसपास. उपाशी कृष्णविवराचा झोत मात्र सपाट, शून्याच्या जवळ. कारण झोताचा बुडखा दाट असतो, त्याचा स्वतःचा प्रकाश त्यातच अडकतो, आणि वेगवेगळ्या वारंवारतांना झोताचा वेगवेगळा भाग उजळतो. सगळ्यांची बेरीज सपाट.

म्हणून चाळणी सोपी: उणे ०.३ पेक्षा सपाट ते ठेवायचे, बाकी टाकायचे. ५३ पैकी चार राहिले. क्र. ८, १४, १९, २२. रात्री साडेअकराला चहा केला.

५ फेब्रुवारी

चारही गेले.

क्र. ८ आणि १४ वर स्पिट्झर आणि वाइज या अवकाश दुर्बिणींच्या अवरक्त चित्रांत झगझगीत ठिपके. म्हणजे नव्या ताऱ्यांनी तापवलेले वायूचे गोळे. तापलेला वायूही सपाट दिसतो. क्र. १९ ग्रहीय तेजोमेघांच्या (मरत्या ताऱ्यांनी सोडलेल्या वायूच्या) यादीत आधीच आहे. मी यादी आधी का पाहिली नाही? क्र. २२ मोठा करून पाहिला तर दोन्ही बाजूंना फिके कान. दूरची रेडिओ दीर्घिका, आणि मला दिसला तो तिचा मधला गाभा.

मॅडमना दाखवलं. त्यांनी चौघांच्या जागा चित्रावर पाहिल्या आणि म्हणाल्या, "चारही मधेच कसे गं?"

मी म्हटलं योगायोग. त्या काही बोलल्या नाहीत.

८ फेब्रुवारी

योगायोग नव्हता.

मधला अर्ध्या त्रिज्येचा भाग म्हणजे क्षेत्रफळाच्या हिशेबानं पाव चित्र. सपाट स्रोतांना चित्राच्या मध्याशी काय देणंघेणं? पाव भागात चारपैकी चार येणं हे अडीचशे वेळांत एकदा. काल रात्रभर हेच डोक्यात होतं.

चूक माझी आणि साधी. एका तबकडीची नजर मधे तीक्ष्ण आणि कडेला मंद असते. ही मंदता भरून काढावी लागते, त्याला प्रायमरी बीम करेक्शन म्हणतात. मी ते 'शेवटी करू' म्हणून ठेवलं होतं, कारण मला जागा हव्या होत्या, तेज नको होतं. पण उतार काढला की तेज आलंच! आणि गोम अशी, की नजरेची रुंदी दोन्ही बँडांत सारखी नसते. बँड ४ मध्ये सुमारे ३८ कला (एक कला म्हणजे अंशाचा साठावा भाग), बँड ५ मध्ये सुमारे २३. पूर्ण चंद्र साधारण ३० कलांचा. म्हणजे एका बँडात चंद्र मावून उरतो, दुसऱ्यात मावत नाही.

कागदावर मांडलं. मध्यापासून साडेअकरा कला दूर असलेला, खरोखर सपाट असलेला स्रोत घेतला. बँड ५ मध्ये तो निम्मा दिसणार. बँड ४ मध्ये ७८ टक्के. गुणोत्तर काढलं, लॉगॅरिदम घेतला, उत्तर: उणे ०.६६.

उणे ०.६६! म्हणजे कडेला बसलेलं सपाट कृष्णविवर माझ्या यादीत हुबेहूब साधी दीर्घिका म्हणून दिसणार होतं. शून्य नाही, विचित्र काही नाही, अगदी जो आकडा पाहून कुणीही डोळे मिटून पुढे जाईल तोच. नऊ कलांवर हीच फसवणूक उणे ०.४१ ची. मला कडेकडेचेच स्रोत हवे होते, आणि मी नेमके तेच बाहेर काढले होते.

दादाला सांगितलं. त्यानं सांगितलं की त्याच्याही पहिल्या वर्षी हेच झालं होतं. मग बोलला का नाहीस, विचारलं. "मला वाटलं तू केलं असशील." मलाही वाटलं होतं की करायचं राहिलेलं माझ्या लक्षात राहील.

१७ फेब्रुवारी

सगळं पुन्हा. करेक्शन दोन्ही बँडांना. शिवाय दोन्ही चित्रं सारख्या जाडीच्या बिंदूवर आणली, नाहीतर बँड ५ बारीक पाहतो म्हणून पसरट स्रोतांचं तेज त्याच्या हातून निसटतं आणि उतार उगाच कडक होतो. कडेला जिथे नजर निम्म्याखाली जाते तिथलं काहीच धरलं नाही.

आता सपाट ११. जुने चार आहेतच, सात नवे. या वेळी चित्रभर विखुरलेले.

२१ फेब्रुवारी

एक उदास करणारा हिशेब, पण करायला हवा होता. माझं क्षेत्र ०.११५ चौरस अंश. सगळं आकाश ४१,२५३. म्हणजे साडेतीन लाखांहून जास्त तुकड्यांतला एक. मेसियर १५ वाल्यांचा खालचा अंदाज, २६ हजार, सगळीकडे सारखा पसरला तरी चौदा तुकड्यांमागे एक पडतो. पट्ट्यात गर्दी जास्त हे खरं, पण बहुतेक इतके लांब असणार की माझ्या नॉइजखाली बुडालेले. त्याउलट सपाट उताराच्या दूरच्या दीर्घिका माझ्या तुकड्यात हमखास आहेत.

२८ फेब्रुवारी

विज्ञान दिन, खोडद. स्वयंसेवक म्हणून गेले. शिवाजीनगरहून एसटी, मग नारायणगावहून गाडी. फोन बंद करून ठेवायचा. शाळांच्या सहली, बायका, म्हातारी माणसं, सगळा तालुका लोटतो. तबकडीखाली उभं राहिलं की पोरांचा पहिला प्रश्न ठरलेला: "हिला भोकं का?"

हा प्रश्न मला फार आवडतो. ४५ मीटर व्यासाची तबकडी पत्र्यानं मढवली असती तर वाऱ्यानं ती पेलवणारा सांगाडा परवडला नसता. ही दुर्बीण उभी करणाऱ्या गोविंद स्वरूप यांची कल्पना अशी, की ज्या लहरींची लांबी वीतभर किंवा हातभर, त्यांना बोटाच्या पेराएवढ्या भोकांची जाळीही आरसाच वाटते. म्हणून दोरखंडांवर ताणलेली बारीक पोलादी तारेची जाळी. वारा आरपार जातो, पाऊस गळून जातो. पोरांना सांगितलं, "चाळणीत पाणी राहत नाही, पण बटाटे राहतात ना?" एका पोरीनं विचारलं, "मग रेडिओ म्हणजे बटाटा?" हो म्हटलं.

रेल्वेबद्दलही विचारलंच. पुणे-नाशिक मार्ग दुर्बिणीपासून दूर नेण्याचं प्रकरण गाजतंय. मी पोस्टर दाखवून सुटका करून घेतली.

दुपारी एक आजोबा माझ्या पोस्टरपाशी बराच वेळ उभे होते. टोपी, हातात काठी. म्हणाले, "ते विवर दिसत नाही म्हणता, मग हुडकता कसं? पाणाड्यावानी?"

आधी मला राग आला. नारळ तळहातावर घेऊन रानातून फिरणारा पाणाड्या आणि मी? मग म्हटलं, आजोबा, पाणाड्याला विचारा, त्यानं दाखवलेल्या किती जागी कोरडी बोअर गेली. तो सांगणार नाही. आमच्याकडे कोरड्या बोअरचीच वही असते. ही घ्या, बावन्न कोरड्या.

"आन् पाणी?"

"अजून नाही."

"मंग पाणाड्या बरा की," म्हणाले आणि हसत पुढच्या पोस्टरकडे गेले.

(बावन्न खोटं होतं. त्या दिवशी ४६ होत्या. जुने चार धरून.)

६ मार्च

सातपैकी दोन अवरक्तात उजळ. वायू. काढले.

११ मार्च

क्र. ४७ ला बारीक पाहिलं तर दोन तुकडे. दीर्घिका. काढला.

क्र. ५ जास्त मजेचा निघाला. निरीक्षणाचे तासातासाचे तुकडे करून वेगवेगळी चित्रं बनवली. पहिल्या दोन तासांत तो ठळक, नंतर गायब. कृष्णविवरही चंचल असतं, म्हणून श्वास रोखून गाया या अवकाश दुर्बिणीच्या ताऱ्यांच्या यादीत जागा पाहिली. तिथे एक लाल खुजा तारा, अगदी शेजारपाजारचा. असे तारे अधूनमधून भडकतात. काढला, पण वाईट वाटलं. दोन तास तो माझा होता.

१९ मार्च

दोन स्रोत इतके मंद आहेत की उतारातली चूक ±०.४. सपाट आहेत की नाहीत हे या डेटावरून सांगताच येणार नाही. काढले, पण कारणाच्या रकान्यात 'सपाट नाही' असं न लिहिता 'ठरवता येत नाही' लिहिलं.

उरला क्र. ३१. मध्यापासून नऊ कलांवर. बँड ५ मध्ये ०.४२ मिलिजान्स्की, बँड ४ मध्ये ०.४४. उतार उणे ०.०७, चूक ±०.२१. करेक्शनआधी याच्यापुढे उणे ०.४८ लिहिलेलं होतं, आणि त्यावर लाल रेघ.

अवरक्तात काही नाही. दृश्य प्रकाशात काही नाही, पण तिथे धूळ इतकी की नसण्याला अर्थ नाही. सहा तासांत तेज स्थिर. एकच ठिपका, कान नाहीत.

२६ मार्च

अमेरिकेच्या व्हीएलए या रेडिओ दुर्बिणीनं ३ गिगाहर्ट्झवर आकाशाच्या तीन फेऱ्या मारल्या आहेत, त्यात पाहिलं. एका फेरीचा नॉइजच ०.१३ च्या आसपास. क्र. ३१ तिथे असलाच तर नॉइजच्या तिप्पट, म्हणजे डोळ्यांना हवं ते दिसेल अशा पातळीवर. एका फेरीत मला दिसला. दादाला नाही दिसला. मी मुद्दाम त्याला जागा न सांगता विचारलं होतं. नोंद: काही निष्पन्न नाही.

२ एप्रिल

पाडव्याला घरी होते, तिथून परत. मॅडमसोबत तासभर.

मी गायानं सापडलेल्या तिघांचा विषय काढला. २०२२ मध्ये गाया बीएच-१ (बीएच म्हणजे ब्लॅक होल), साधारण १,५६० प्रकाशवर्षांवर. मग बीएच-२. एप्रिल २०२४ मध्ये बीएच-३, ३३ सूर्यांचं वस्तुमान, दोन हजार प्रकाशवर्षांच्या आत, आणि माझ्याच गरुड तारकासमूहात (माझ्या तुकड्यात नाही, पाहिलं). हे तिघे जोडीदार ताऱ्याच्या डुलण्यावरून सापडले. पहिल्या दोघांवर व्हीएलए आणि दक्षिण आफ्रिकेतली मीरकॅट या रेडिओ दुर्बिणी रोखून पाहिल्या, तर रेडिओत काही नाही. इतक्या जवळची, जागा नेमकी माहीत असलेली, आणि तरी गप्प! मग लांबचं, पत्ता नसलेलं आपल्याला कसं दिसावं?

मॅडम म्हणाल्या, त्यांच्या ताऱ्याचं त्यांच्यापासूनचं अंतर बघ. तारा इतका लांबून फिरतो की कृष्णविवराच्या तोंडी त्याचा वारासुद्धा धड लागत नाही. मेसियर १५ च्या वाटेवरचं जे आहे, त्याचा जोडीदार अगदी चिकटून आहे. थोडं थोडं का होईना, पोटात जातंय. रेडिओला दिसणार ते अर्धपोटी. पूर्ण उपाशी गायाच्या वाट्याला. आणि २०११ मध्ये धनूकडे एका ताऱ्याचा प्रकाश वाकवून गेलेलं, २०२२ मध्ये जाहीर झालेलं ते एकटं कृष्णविवर? ते कुणालाच दिसत नाही, फक्त वाटेत आलं म्हणून कळलं. प्रत्येक चाळणीची भोकं वेगळी.

चाळणी ऐकून मला बटाटे आठवले. सांगितलं नाही.

९ एप्रिल

क्र. ३१ बद्दल आता एकच प्रश्न: हलतो का? दूरची दीर्घिका हलणार नाही. आपल्या आकाशगंगेतली वस्तू पृथ्वीच्या वर्षभराच्या फेरीबरोबर किंचित डुलेल आणि शिवाय आपल्या वाटेनं सरकेल.

किती सरकेल? वर्षाला काही सहस्रांश विकला. एक सहस्रांश विकला म्हणजे पुण्यातून गुवाहाटीत ठेवलेली एक सेंटीमीटरची वस्तू. माझा बारीकात बारीक बिंदू दोन विकलांचा. स्रोत ठळक असेल तर मध्य त्याहून बराच नेमका काढता येतो, तरी सहस्रांशापर्यंत खोडदच्या २५ किलोमीटरच्या पसाऱ्यातून पोचता येत नाही. त्याला खंडांच्या अंतरावरच्या दुर्बिणी एकत्र बांधाव्या लागतात, एकदा नाही, वर्षभरात चार-पाच वेळा. एमएस्सीच्या प्रकल्पासाठी कुणी देणार नाही, आणि देऊही नये. सपाट, मंद आणि एकटा ठिपका म्हणजे शंभरात नव्व्याण्णव वेळा दूरच्या दीर्घिकेचा गाभा.

पण खोडदवरून एक गोष्ट जमेल: पुन्हा पाहणं. मूळ निरीक्षण जुनं आहे. आता त्याच बँडांत, या वेळी क्र. ३१ मधोमध ठेवून घेतलं, तर तेज बदललंय का ते कळेल, आणि उतारातली चूक निम्म्यावर येईल. मधोमध असेल तर बीमचं झेंगटही नाही.

२४ एप्रिल

पुढच्या ऑक्टोबर सत्रासाठी प्रस्तावाचा कच्चा मसुदा. पहिल्या परिच्छेदात मी लिहिलं होतं, 'एक संभाव्य कृष्णविवर'. मॅडमनी खोडून 'एक सपाट उताराचा, अद्याप न ओळखलेला स्रोत' केलं. दुसऱ्या पानावर मी पुन्हा कृष्णविवर लिहिलं होतं, तेही खोडलं. तिसऱ्या ठिकाणी राहू दिलं. कदाचित नजरेतून सुटलं असेल.

११ मे

प्रबंध छापायला गेला. तक्ता ३ मध्ये ५३ ओळी, शेवटचा रकाना 'वगळण्याचं कारण'. क्र. ३१ पुढे तो रकाना मोकळा आहे. छापणाऱ्यानं फोन करून विचारलं, "इथं काही राहिलंय का?" नाही, तसंच ठेवा म्हटलं.

घरी फोन केला तेव्हा आप्पांनी विचारलं, संपलं का. संपलं म्हटलं, एक सोडून.

डिस्क विभागात परत केली. पुढच्या वर्षीचा विद्यार्थी शेजारचंच क्षेत्र घेणार आहे. त्याच्यासाठी सगळ्या स्क्रिप्ट एका फोल्डरमध्ये ठेवल्या, आणि बीम करेक्शनची पायरी उचलून उतार काढण्याच्या स्क्रिप्टच्या आतच घातली आहे. ती केल्याशिवाय पुढची ओळ चालत नाही.